भाऊ, बहीण आणि लीलाबाई काळभोर

मराठी घरातल्या भावंडांना एकमेकांसाठी वाटेल ते करता येतं, फक्त एकमेकांची समजूत तेवढी काढता येत नाही. भावाच्या पोटात रात्री दीड वाजता दुखायला लागलं तर बहीण रिक्षा थांबवेल, डिपॉझिट भरेल, वॉर्डबॉयशी भांडेल आणि सकाळी थर्मासमधून चहा घेऊन हजर होईल. पण त्याच भावाचं प्रमोशन हुकलं, तर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, ‘‘मी तुला तेव्हाच सांगत होते, दिवाळीला साहेबांना भेटून ये.’’ उलट बाजूही तशीच. बहिणीच्या फ्लॅटचा ताबा बिल्डरने पुन्हा एकदा पुढे ढकलला की दादा गंभीर चेहऱ्याने विचारतो, ‘‘अ‍ॅग्रीमेंट नीट वाचलं होतंस का?’’ प्रेमात खोट नसते. पण ज्यांनी एकमेकांचे दात पडताना, मार्क बुडताना आणि चोरून खाल्लेल्या श्रीखंडासाठी मार बसताना पाहिलेलं असतं, त्यांना एकदम ‘धीर धर हं’ म्हणणं नाटकी वाटतं. आणि ऐकणाऱ्याला शंका येते, की डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलं तर नाही? म्हणून भावंडांना समजूत काढायची तर मध्ये काहीतरी लागतं. माझं म्हणणं असं की हे मधलं काहीतरी म्हणजे जुना चित्रपट, आणि तोही दोघांनी मिळून इतक्या वेळा पाहिलेला की टीव्हीचा आवाज गेला तरी अडू नये. रडण्याइतक्या मोठ्या नाहीत आणि विसरण्याइतक्या लहानही नाहीत अशा ज्या मध्यम आकाराच्या आपत्ती रोज येतात, त्यांच्यावर याहून चांगला उपाय आपल्याकडे अजून निघालेला नाही. मानसोपचार आहेत. पण तिथे तासाची फी पडते आणि आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

दावा हवेतला वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. चित्रपट हा धंदाच मुळात दोन सख्ख्या भावांनी सुरू केलेला आहे. ओग्युस्त आणि लुई ल्युमिएर यांनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जे छोटे छोटे तुकडे दाखवले, त्यात एक माळीबुवांचा होता. माळी पाइपने बागेला पाणी घालतोय, मागून एक पोरगा येऊन पाइपवर पाय ठेवतो, पाणी बंद. माळी पाइपच्या तोंडात डोकावून बघतो, पोरगा पाय उचलतो, माळीबुवांना अंघोळ. मिनिटभराचाही नसलेला हा तुकडा जगातला पहिला विनोदी चित्रपट मानला जातो. म्हणजे विनोदी चित्रपटाचा जगातला पहिला विषय कोणता, तर पाणी अचानक का गेलं! पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला हे कथानक समजावून सांगावं लागणार नाही. आणि पाइपवर पाय ठेवणारा तो पोरगा कोण, हे तर ज्याला ज्याला धाकटा भाऊ आहे त्याने केव्हाच ओळखलेलं असणार. ल्युमिएर बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचला. पुढे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हाही विषय काय निवडला? सगळंच बिनसलेला माणूस. राज्य गेलं, बायको-मुलगा विकायची वेळ आली, शेवटी स्मशानात नोकरी. इतकी वाईट नोकरी नंतरच्या कुठल्याही नायकाच्या वाट्याला आलेली नाही. त्यातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. त्यानंतर बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, १९८८ मध्ये, दोन मराठी पुरुष पडद्यावर पुन्हा साडी नेसून उभे राहिले, कारण पुण्यात भाड्याने जागा मिळेना. साडी तीच, टंचाई तेवढी बदलली.

‘अशी ही बनवाबनवी’ हा या युक्तिवादातला माझा मुख्य साक्षीदार आहे, म्हणून त्याची उलटतपासणी जरा सावकाश करू. वसंत सबनीसांचं लेखन, सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ची, म्हणजे जागेची अडचण मराठीत आली तेव्हाच ती बावीस वर्षं जुनी होती. चार तरुण. त्यातले धनंजय आणि शंतनू सख्खे भाऊ. धनंजय माने ज्या खोलीत राहतात तिथे बाकीचे तिघे चोरून घुसतात, घरमालक विश्वास सरपोतदार चौघांना बाहेर काढतात, आणि लीलाबाई काळभोर नावाच्या बाईंची जागा मिळण्यासारखी असते ती फक्त जोडप्यांना. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. जो वाचक हे वाचतोय त्याला ते पाठ आहे. मुद्दा वेगळा आहे. या चौघांवर जे जे येतं ते ते सगळं आपल्या घरात कधी ना कधी येऊन गेलेलं असतं: घरमालकाचा संशय, खिशातला खडखडाट, शिक्षणासाठी शहरात आलेला धाकटा भाऊ आणि त्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न, एक थाप पचवण्यासाठी मारावी लागणारी दुसरी. आणि अडीच तासांत या चौघांपैकी कुणीही कुणाला जवळ बसवून ‘तुझ्या मनात काय चाललंय ते मोकळेपणाने बोल’ असं म्हणत नाही. एक अडचण सांगतो, दुसरा तिच्यावर अव्यवहार्य तोडगा काढतो, तिसरा शंका घेतो, चौथ्याला साडी नेसवली जाते. मराठी भावंडांची अडचणीच्या वेळची वागण्याची पद्धत पडद्यावर इतकी बिनचूक उतरलेली दुसरी मला दिसत नाही. सरपोतदारांचे मधुमेहाच्या औषधापायी बुडालेले सत्तर रुपये आजही लोकांना आठवतात ते विनोदासाठी तर खरंच, पण उधार दिलेले पैसे परत न येण्याचं दुःख इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी मांडलेलं नाही म्हणूनही.

आता हा उपाय लागू कसा पडतो ते बघायचं तर एखाद्या शनिवारी रात्री कुठल्याही दोन खोल्यांच्या घरात डोकवावं. भाऊ सोफ्यावर आडवा, एक पाय टीपॉयवर, मोबाइल पालथा घातलेला. बहीण डबा परत करायच्या निमित्ताने आलेली. हा डबा दोन महिने परत करायचा राहिलेला असतो आणि तो नेमका आजच आठवतो, कारण आईने फोनवर ‘त्याचं ऑफिसात काहीतरी झालंय, बोलत नाहीये’ असं कळवलेलं असतं. ‘‘जेवलास?’’ ‘‘हं.’’ ‘‘काय लावलंयस?’’ ‘‘काहीच नाही.’’ ती रिमोट घेते. चित्रपट सुरू होतो तो नेहमी मधूनच. ‘‘अगं, मागे ने, सरपोतदारांचं गेलं.’’ ‘‘पाठ आहे ना तुला? मग?’’ चिवड्याचा डबा दोघांच्या मध्ये येतो. दाणे कोण वेचून खातं यावर तीस वर्षं जुना वाद एकदा होऊन जातो. मग लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन पदर सावरत असताना, पडद्यावरची नजर न हलवता भाऊ म्हणतो, ‘‘अप्रेझलला तीन दिले.’’ तीही पडद्याकडेच बघत विचारते, ‘‘पाचापैकी?’’ ‘‘हं.’’ ‘‘मेले.’’ पाच-सात सेकंद कुणी बोलत नाही. मग ती म्हणते, ‘‘थांब थांब, आता बघ अशोक सराफचा चेहरा.’’ झालं. समजूत काढून झाली. यात सल्ला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, पाठीवरून हात नव्हता. आणि तरी जे कळायचं ते दोन्हीकडे कळलं.

हे का साधतं याची कारणं तपासली तर ती अगदी व्यावहारिक निघतात. समोरासमोर बसलं की डोळ्याला डोळा भिडवावा लागतो, आणि भावंडांना ते फक्त भांडणात जमतं. टीव्हीसमोर दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात, त्यामुळे कुणाचा चेहरा पडला हे कुणाला बघावं लागत नाही. दुसरं, बोलणं अर्ध्यावर तुटलं तर एरवी शांतता अवघड होते. इथे ती भरून काढायला चार कसलेले नट कामाला लावलेले असतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि म्हणूनच चित्रपट पाहिलेला हवा असं मी म्हणतो: पाहिलेला चित्रपट लक्ष फार थोडं मागतो. चार आणे लक्ष पडद्यावर, बारा आणे शेजारच्याच्या श्वासावर. बहीण हसली पण नेहमीपेक्षा उशिरा हसली, एवढ्यावरून भावाला कळतं की बिल्डरचा पुन्हा फोन आलेला दिसतोय. कुठल्या वाक्याला ती किती हसते याचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्याच्याकडे असल्यामुळे आज त्यात किती तूट आली हे त्याला विचारावं लागत नाही. नव्या चित्रपटात ही मोजदाद करणार कशी?

हिंदी चित्रपटाने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती, फक्त उलट्या बाजूने. ‘वक्त’ (१९६५), ‘यादों की बारात’ (१९७३), ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या सगळ्यांत भावंडं लहानपणी हरवतात आणि शेवटच्या रिळात सापडतात. खऱ्या आयुष्यात क्रम बरोबर उलटा असतो. लहानपणी ती एकाच पलंगावर एकमेकांना लाथा मारत झोपतात आणि हरवतात ती पंचविशीनंतर. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी लग्न करून, कुणी एच-वन व्हिसावर. ‘यादों की बारात’मधल्या भावांची ओळख पटते ती घरात पूर्वी म्हटल्या जाणाऱ्या एका गाण्यावरून. आपल्याकडे घराचं असं गाणं सहसा नसतं (असलंच तर ते आरतीचं असतं आणि ते सगळ्यांच्याच घरात असतं), पण घराचा चित्रपट असतो. खात्री करायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा डायलॉग टाकून बघावा. उरलेला अर्धा तिकडून मिनिटाच्या आत येतो, मग भाऊ मीटिंगमध्ये असो की बहीण मंगल कार्यालयात पंगतीला. आणि त्या डायलॉगाबरोबर त्याचा सगळा इतिहासही येतो. तो चित्रपट भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर एका रात्रीत तीन कॅसेट वसूल करताना पाहिला होता आणि तिसऱ्या कॅसेटला धाकटा झोपला होता, की गणपतीत गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या पडद्यावर पाहिला होता? गणपतीतला असेल तर आणखी एक तपशील निघतो: उशीर झाल्यामुळे पडद्याच्या मागच्या बाजूला बसावं लागलं होतं, सगळी नावं उलटी दिसत होती आणि हाणामारीत सगळेच डावखुरे होते. उशीर कुणामुळे झाला हा प्रश्न आजही निकाली निघालेला नाही. वीस मिनिटं यावर जातात, आणि ती वीस मिनिटं बँकेच्या हप्त्यावर जात नाहीत.

शिवाय हे जुने विनोदी चित्रपट अडचणीच्याच भांडवलावर उभे आहेत हे विसरून चालणार नाही. ‘गोलमाल’ (१९७९) घ्या. त्यातल्या रामप्रसादला नोकरी हवी म्हणून तो मिशी आणि साधेपणा दोन्ही वापरतो, थाप मारून हॉकीची मॅच बघायला जातो, साहेबांना दिसतो, आणि मग नोकरी टिकवण्यासाठी त्याला बिनमिशीचा एक जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. नोकरी धोक्यात आली की माणसाला भाऊ लागतो, नसेल तर तयार करावा लागतो, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगायचं? उत्पल दत्तांचे भवानीशंकर पाहताना ज्याचे वरिष्ठ दाढी-मिशीऐवजी केपीआय बघतात त्याचाही जीव थोडा हलका होतो. ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) तर आणखी पुढचा. पडद्यावरचे तिघे भाऊ प्रत्यक्षातही भाऊच: अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार. गॅरेज चालवतात. पावसाच्या रात्री एका मुलीची गाडी धाकटा दुरुस्त करून देतो, ती पैसे न देता निघून जाते, आणि पाच रुपये बारा आण्यांच्या त्या थकबाकीतून अख्खा चित्रपट उभा राहतो. घरी बसून अनुवाद, डिझाइन किंवा ट्यूशन करणाऱ्या कुणाही बहिणीला हे पाच रुपये बारा आणे लगेच ओळखता येतात. तिच्या पार्टीकडूनही पेमेंट ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असतं. फरक इतकाच, की किशोरकुमार वसुलीला गेला तर दार उघडायला मधुबाला होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही पळवाट झाली. प्रमोशन हुकलेल्या माणसाने सीव्ही सुधारावा, ताबा न मिळालेल्या बाईने महारेराकडे तक्रार करावी. दोघं सोफ्यावर बसून चिवडा खात १९८८ सालचा चित्रपट कसले बघतात? आक्षेप घेणारे लोक कर्तबगार असतात, आणि त्यांना बहुधा भावंडं नसतात किंवा असून बोलणं नसतं. माझं उत्तर असं की पळून जाणारा माणूस अडचणीपासून लांब जातो, ही मंडळी तर बेघर, बेकार आणि कर्जबाजारी लोकांच्याच गोष्टीत जाऊन बसतात. आणि दुसरं म्हणजे, शनिवारी रात्री साडेनऊला महारेराचं ऑफिस बंद असतं. आपल्या बहुतेक मध्यम आपत्तींमध्ये करण्यासारखं काही असतं ते कामाच्या दिवशी, अकरा ते पाच, मधली जेवणाची सुट्टी वजा करून. उरलेल्या वेळात फक्त वाट बघायची असते. केवायसीत वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकलं म्हणून परत आलेला अर्ज रविवारभर उशाशी घेऊन बसलं तर सोमवारी ते अक्षर आपोआप सुधारत नाही. उलट काउंटरवर गेल्या गेल्या भांडण होतं आणि अर्जासोबत माणूसही परत येतो. पूर्वी दूरदर्शनवर चित्रपट मध्येच बंद पडला की ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी यायची. सरकारने आपल्या कुठल्याही अडथळ्याबद्दल खेद व्यक्त केल्याचं ते बहुधा एकमेव उदाहरण. तेव्हाही लोक पाटीसमोरून उठत नसत. कुणी पाणी पिऊन येई, कुणी अँटेना हलवून येई, आणि चित्रपट जिथे सुरू होईल तिथून पुढे बघत. वाट बघण्याचं तेवढं शिक्षण त्या पिढीला फुकट मिळालं.

दुसरा आक्षेप जास्त विचारात घेण्यासारखा आहे: जुनंच का? ओटीटीवर रोज नवं येतं, आणि त्यातलं काही खरोखर उत्तम असतं. मान्य. पण नवी मालिका ही भावंडांच्या दृष्टीने नवीन भांडण आहे. एक जण दोन भाग पुढे गेलेला असतो, तो ‘सांगणार नाही’ म्हणत चेहऱ्याने सगळं सांगतो. कोणाच्या अकाउंटवरून बघायचं, पासवर्ड कुणी बदलला, भाचरांच्या प्रोफाइलवर खुनाच्या मालिका कुणी पाहिल्या, इथून सुरुवात होते. शिवाय नव्या गोष्टीत पुढे काय होईल याची काळजी असते, आणि ज्याला बँकेने पुढे काय होईल ते आधीच कळवलेलं आहे त्याला आणखी काळजी नको असते. पाहिलेल्या चित्रपटात लीलाबाई शेवटी काय करणार हे ठाऊक असतं. आठवडाभरात एवढी एकच गोष्ट अशी असते जी ठरल्याप्रमाणे पार पडते. परदेशातल्या भावंडांनाही हाच नियम लागू होतो. इकडे रविवारची सकाळ, तिकडे शनिवारची रात्र, मध्ये व्हिडिओ कॉल, आणि ‘तीन, दोन, एक, प्ले’ म्हणूनही एकाचा चित्रपट दोन सेकंद पुढे धावतोच. न्यू जर्सीचं हसू आधी ऐकू येतं आणि नाशिकला विनोद नंतर होतो. नव्या चित्रपटाचा यात पार विचका झाला असता. जुन्यात बिघडत नाही, कारण दोघंही विनोदाच्या आधीच हसायला लागलेली असतात.

बायको किंवा नवऱ्याबरोबर हे जमणार नाही का, असंही कुणी विचारेल. जमतं, पण औषध तेच असलं तरी अनुपान बदलतं. जोडीदार चित्रपट बघतो आणि मध्यंतराला विचारतो, ‘‘मग हप्त्याचं काय ठरवलंयस?’’ त्याचा विचारण्याचा हक्कच आहे, हप्ता दोघांच्या नावावर असतो. भावंडांची नावं एकाच कर्जावर सहसा नसतात. त्यांच्या सहानुभूतीत रस असतो, हितसंबंध नसतात. मित्रांचं म्हणाल तर मित्र पार्टी करतात आणि नंतर त्याचे पैसे वाटून मागतात.

खरी अडचण करणारा आक्षेप मात्र निराळाच आहे, आणि तो बहुधा बहिणीकडून येतो. जुन्या विनोदी चित्रपटांतले कितीतरी विनोद आज कानाला खडबडीत लागतात. बोबडं बोलणारा, लठ्ठ, बायकी चालीचा, काळी बायको, कजाग सासू, परप्रांतीय शेजारी, या सगळ्यांवर एकेकाळी बिनदिक्कत हशा वसूल केलेला आहे. ‘बनवाबनवी’तही नायिकांना मनसोक्त फसवलं जातं आणि त्या शेवटी ज्या वेगाने क्षमा करतात त्या वेगाने कुठल्याही बहिणीने भावाला क्षमा केल्याचं ऐकिवात नाही. ‘‘मी असते तर आधी पोलिसांत गेले असते,’’ असं ती दर वेळी त्याच जागी म्हणते. याला ‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे उत्तर पुरेसं नाही. काळ तसा होता हे खरं, पण हसणारे आपण आजचे आहोत. माझं उत्तर वेगळं आहे. हा आक्षेप चित्रपट बंद करून घेण्यापेक्षा चालू ठेवून घेतलेला बरा, कारण भावंडांमध्ये तो घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. ऑफिसात साहेबांच्या विनोदावर ‘हे काही हसण्यासारखं नाही’ म्हटलं तर अप्रेझलला तीनाचे दोन होतात. इथे उशी फेकून मारली जाते, भाऊ रिमोटवरून ते दृश्य पुढे ढकलतो, नाहीतर मुकाट ऐकून घेतो. काही चित्रपट अशा रीतीने यादीतून कायमचे बाद होतात, आणि व्हायलाच हवेत. जे उरतात ते दोघांच्या संमतीने उरतात.

राहता राहिले रडके चित्रपट. त्यांचा पक्ष मांडणारे म्हणतात, की आपल्यापेक्षा मोठं दुःख पाहिलं की आपलं दुःख लहान वाटतं. मग आपत्तीच्या दिवशी ‘माहेरची साडी’ (१९९१) लावणं जास्त फायद्याचं नाही का? तर्क बिनतोड दिसतो, पण अनुभव विरुद्ध आहे. त्या चित्रपटाने घरोघरच्या बायकांना मनसोक्त रडवलं हे खरं, पण तो बघून झाल्यावर कुणाचंही दुःख लहान होत नाही, ते फक्त दर्जा बदलतं. आधी स्कूटर पंक्चर झालेली असते, नंतर तो अन्याय असतो. वॉशिंग मशीनचा मेकॅनिक आला नाही, यात सासरच्यांचा हात दिसू लागतो. ‘श्यामची आई’ (१९५३) या बाबतीत तर फारच धोक्याचा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला तो थोर चित्रपट आहे याबद्दल वाद नाही, पण दोन भावंडांनी मिळून तो पाहिला की अर्ध्या तासात दोघंही आईला फोन लावतात, आई घाबरून ‘काय झालं?’ विचारते, आणि जे तिच्यापासून लपवायचं होतं ते सगळं पहिल्या मिनिटात बाहेर पडतं.

आता या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मी चित्रपटाच्या नावाने ताईत विकतोय असं वाटेल. आजारपण, मृत्यू, घटस्फोट यांच्यावर हा चालत नाही, आणि कुणी चालवायला गेलं तर ते क्रूर दिसेल. तिथे माणसं समोरासमोरच बसावी लागतात. आणि आणखी एका ठिकाणी तो हमखास नापास होतो, ते म्हणजे सातबारा. संकट बाहेरून आलेलं असतं तोवर दोघं एका सोफ्यावर बसतात. संकट एकमेकांचंच असलं की सोफा कुणाचा हाही मुद्दा होतो. ‘दीवार’ (१९७५) मध्ये एक भाऊ आपली मालमत्ता मोजून दाखवतो आणि दुसरा आपल्याजवळ आई असल्याचं सांगून बाजी मारतो. प्रत्यक्षात वाटणीच्या बैठकीत हे भांडण उलटं चालतं: बंगला, गाडी, शिल्लक यांवर दोघांचा दावा असतो आणि आईचे सहा-सहा महिने करायचे असतात. अशा दिवशी ‘दीवार’ लावू नये. तिथला पिस्तुलाचा शेवट कुणाला तरी व्यवहार्य वाटायचा. काही लावल्यावाचून राहवतच नसेल तर राजा परांजप्यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) लावून बघावा. त्यात दोन तरुणांना एक लाख रुपये खर्च करायचे असतात आणि ते संपवता संपवता त्यांच्या नाकी नऊ येतात. पंधराव्या मिनिटाला भाऊ कॅल्क्युलेटर काढतो, विसाव्या मिनिटाला बहीण त्याची बेरीज दुरुस्त करते. आणि त्या लाखात तेव्हा कोथरूडला किती जमीन आली असती, आणि आजोबांनी ती का घेतली नाही, या विषयावर वकिलाला न विचारता दोघांचं एकमत होतं.